निरोगी डबी

शौचाचे नमुने तपासण्यात बाईंचं निम्मं आयुष्य गेलं. पोटातल्या जंतूंच्या संशोधनात आजाऱ्यांशी ताडून पाहायला एक निरोगी डबी लागे. ती देणार कोण? दर वेळी बाईच आपली ठेवत. निरोगीच ती, म्हणून जंतांसाठी काचेखाली धरायची तसदी कुणी घेत नसे.

घरी जिना चढताना धाप लागली की सासूबाई म्हणत, "अंगात आळस भिनलाय नुसता!" बाईंनाही ते पटलं होतं.

आज घाईत उचललेल्या डबीतला थेंब काचेखाली पाहून त्या कळवळल्या, "रक्त पिणाऱ्या जंतांची अंडीच अंडी! हा बिचारा चालतो तरी कसा?"

प्रयोगशाळेच्या साहेबांनी डबीवरची चिठ्ठी वाचली. "बाई, ही निरोगी डबी आहे."

सगळी तुलना पाण्यात गेली म्हणून साहेबांनी कपाळाला हात लावला. बाईंना मात्र रडूच फुटलं. आळस नव्हता तो.