पत्तीवरचा दोरा

सेवदा गाइडा वाजवायला बसली की आधी नळी उपसून आतली सूर देणारी पत्ती बघते. लग्न असो, मेंढरं डोंगरावर चढवायचा दिवस असो, माणसं हात धरून फेर धरायला उभी असली तरी हिचं बघून झाल्याशिवाय सूर निघत नाही. गाव तिला संशयी म्हणतं. ते खोटं नाही. लहानपणी दुकानदारानं चिमूटभर साखर जास्त घातली, तरी ती पुडी हुंगून बघायची.

रोडोपच्या डोंगरातल्या संगीतशाळेत ती आली ती आजोबांची गाइडा काखेत घेऊन. बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची पिशवी, तिला बोटं फिरवायची एक नळी आणि एकच खर्ज धरून राहणारी दुसरी. मुली तेव्हा गायच्या, गाइडा मुलं वाजवायची. त्यातला सगळ्यात चांगला वेलिन. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "काय गं, तुझी बकरी अजून जिवंत आहे वाटतं? ओरडते फार!"

"तुझी मात्र मेल्यासारखीच वाजते," ती म्हणाली.

तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत. शेवटच्या वर्षी तर चुरस शिगेला पोचली. शहरातल्या वाद्यवृंदात गाइडेची एकच जागा होती आणि मार्चअखेरच्या परीक्षेत जो पहिला येईल त्यालाच ती मिळणार होती. नाही मिळाली तर सेवदानं शिवणाच्या कारखान्यात जायचं, असं आईनं ठरवूनच टाकलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच तिची पत्ती बिघडली. बोरूच्या त्या बोटभर तुकड्याची चिरलेली जीभ सैल पडली, वरचा सूर उतरू लागला. तिनं साधा दोरा गुंडाळून पाहिला, तो सरकायचा. तिनं कुणालाच सांगितलं नाही. पण एकदा तालमीनंतर वेलिननं विचारलंच, "पत्ती बदललीस का?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. विचारलं."

काही नाही म्हणून वेलिन कधी काही विचारत नसे. खोलीतली मैत्रीण गिना म्हणाली, "अगं, तो बघत असतो तुझ्याकडे."

"मांजरही उंदराकडे बघतंच."

परीक्षेच्या दिवशी सकाळी चीजची बानित्सा खाताना सेवदाचं लक्ष त्याच्या मनगटाकडे गेलं. ते मोकळं होतं. एक मार्चला एकमेकांच्या हाताला बांधायचा लाल-पांढरा दोरा, मार्तेनित्सा, शाळेत सगळ्यांच्या हातात होता. करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत तो कुणी सोडत नाही. आधी सोडला तर त्या वर्षाचं भाग्य गेलं.

"तुझी मार्तेनित्सा कुठंय?"

"सोडली. करकोचा दिसला."

"कुठं?"

"खाली, नदीकाठी."

नदीकडचा रस्ता दरड कोसळून बंद होता. वर झाडांना अजून डोळाही फुटला नव्हता. धडधडीत खोटं! कुठंतरी पाणी मुरत होतं.

वाद्यांच्या खोलीत ती गेली तर तिच्या गाइडेच्या फडक्याला गाठ दुसऱ्याच कुणाची. ती स्वतः दुहेरी मारायची, ही एकेरी होती.

"वेलिन आत्ताच इथून गेला," गिना दारातून म्हणाली. "काय करत होतास विचारलं, तर कान लालबुंद."

सेवदानं गाठ सोडली. कातडं चाचपलं, ठीक होतं. नळीची भोकं ठीक होती. तेवढ्यात तिला परीक्षेच्या दालनाबाहेर बसवलं. आत वेलिन वाजवू लागला होता. त्याचं संपेपर्यंत बाहेर फुंकर मारायचीही बंदी होती. तिनं नळी उपसली. पत्तीवरचा तिचा दोरा गायब होता आणि तिथे दुसरा करकचून गुंडाळला होता.

खिशात आजोबांची जुनी पत्ती होती. आवाजाला मंद, पण भरवशाची. ती घातली तर सूर पडणार नव्हता, जागाही मिळणार नव्हती. ही घातली आणि त्यानं दगा केला असेल तर पहिल्याच तानेला फजिती. वाजवून बघायची सोय नव्हती.

तिनं पत्ती खिडकीकडे धरली. दोरा दोन रंगांचा होता. एक पेड लाल, एक पांढरा.

ती बघतच राहिली. दुसऱ्याचं वाटोळं करायला माणूस काय काय वापरतो. पण आपल्या वर्षाचं भाग्य हातातून सोडून त्यात गुंडाळील, असा वेडा त्या डोंगरात जन्मला नव्हता.

"सेवदा!" मास्तरांनी हाक मारली.

तिनं तीच पत्ती बसवली. विश्वास बसला होता असं नाही, पण आत जाऊन कातडं फुगवलं. वरचा सूर आला तेव्हा तिनं डोळे मिटले. सूर जागचा हलला नाही.

जागा तिला मिळाली. वेलिन दुसरा आला. अंगणात त्याला गाठून ती म्हणाली, "का केलंस?"

"सैल पत्तीच्या मुलीला हरवून मिरवू काय? आणि सांगितलं असतं तर तू हात लावू दिला असतास?"

"एवढंच?"

तो बुटांकडे बघत राहिला. "एवढंच नाही."

तिनं आपल्या मनगटावरची मार्तेनित्सा सोडली आणि त्याच्या हाताला बांधू लागली.

"अगं, करकोचा कुठं आलाय अजून!"

"आलाय. नदीकाठी. मीही पाहिला."

ती शहरात गेली, तो गावच्या लाकडाच्या वखारीत. बसनं चीज घेऊन तो येत राहिला आणि पुढे लग्न झालं. ती आता म्हातारी झाली आहे. पत्त्या कितीतरी बदलल्या. नव्या पत्तीवर लाल-पांढरा दोरा वेलिनच गुंडाळतो. तरी ती फेर खोळंबवून नळी उपसते, डोळ्यांजवळ धरून बघते.

"सापडला का चोर?" तो बाकावरून ओरडतो.

"बघू दे जरा," ती म्हणते, आणि पुन्हा एकदा बघते.