सत्तावीस नंबरचे काका

आमच्या मासळीच्या ऑफिसातल्या टेलिफोनवाल्या काकांइतकं फोनला ओळखणारा माणूस अख्ख्या रायगड किनाऱ्यावर दुसरा नसेल, आणि पाण्याला त्यांच्याइतका घाबरणाराही नसेल. बोर्ली पंचतनहून ते स्कूटरवर येत, ते कानामागे टेस्टर खोचूनच. बिघडलेला फोन उघडण्याआधी ते त्याचा वास घेत. "ह्याला दमट लागलंय," असं निदान झालं की तो फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात झोपायला जाई. एकदा शेठचा फोन असाच बरा होऊन आला, आणि शेठनी रिसिव्हर उचलला की टेबलावर तांदूळ पडायचे. काका म्हणाले, "पथ्य चालू आहे."

मी तिथे ऑपरेटर होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे नोकरी मिळाली होती, पण 'होल्ड करा' याच्यापलीकडे मी फारसं बोलत नसे. काका म्हणत, "तुझा आवाज ऐकायला मलाच बाहेरून फोन करावा लागतो, पोरी."

आमचं ऑफिस खाडीच्या अलीकडे आणि बर्फाचा कारखाना पलीकडे, डोंगराच्या कुशीत. तिथे मोबाइलला रेंज नाही आणि रस्त्याने गेलं तर अर्धा दिवस जातो. बोटी किती येणार आणि बर्फाच्या लाद्या किती लागणार, हे होडीने चिठ्ठी पाठवून कळवायचं. तिकडे फोन जोडायला शेठ मुंबईची पार्टी बोलावणार होते. काका म्हणाले, "मी असताना?" त्यांनी दोन्ही गच्च्यांवर एकेक डिश बसवली, तारेशिवाय ऑफिसची लाइन खाडीपार नेली आणि पलीकडच्या फोनला सत्तावीस नंबर दिला. पहिला फोन लागला तेव्हा काकांनी स्वतःच पेढे वाटले आणि स्वतःच सगळ्यात जास्त खाल्ले.

मग सत्तावीस मधूनच मुका होऊ लागला. काका नटबोल्ट तपासून जात, तोवर तो पुन्हा खणखणीत बोले. शेठ चिडले. "काका, पौर्णिमेला हंगामातल्या सगळ्या बोटी लागणार. त्या दिवशी दुपारी बाराला मी इथून सत्तावीस लावणार. नाही लागला तर तुमचं सगळंच काम दुसऱ्याकडे." काका नुसते हसले. पण निघताना टेस्टर कानामागे ठेवायला ते विसरले.

फोन कधी बंद पडतो त्या वेळा मी रोज वहीत लिहीत होते. तो रोज पाऊण-एक तास उशिरा बंद पडे. आठवडाभर मी ती वही कुणाला दाखवली नाही. आपल्याला कोण विचारतंय, असं वाटायचं. पौर्णिमेच्या सकाळी दहाला धीर करून ती काकांपुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि कपाळावर हात मारला.

"अगं, ह्या भरतीच्या वेळा आहेत!"

चूक त्यांचीच होती, आणि ती फक्त त्यांनाच करता आली असती. पाण्याच्या भीतीने ते होडीत बसायचे ते फक्त ओहोटीला, खाडी अरुंद झाल्यावर. त्यामुळे सगळी जोडणी आणि तपासणी झाली ती खाडीत पाण्याऐवजी चिखल असताना. भरतीला मात्र डिशच्या लहरी पाण्यावरून, आरशावरून उजेड उसळावा तशा उसळायच्या आणि मूळ आवाजावरच आदळायच्या.

काका गच्चीवर पालथे पडले आणि डिशच्या उंचीवर डोळा लावून सरपटत मागे आले, कठड्याआड पाणी दिसेनासं होईपर्यंत. "डिशला समोरची डिश दिसू दे, पाणी नको," म्हणत त्यांनी ती तिथे बसवली. आता पलीकडे तेच करायचं होतं.

"तिथल्या मॅनेजरना सांगू का?" मी विचारलं.

"माझ्या नटाला दुसऱ्याचा पाना? छे!"

धक्क्यावर होडीवाला म्हणाला, "काका, तुम्ही? आज उधान हाय!"

"माहीत आहे. तू वल्हव, मी डोळे मिटतो."

मी धक्क्यावरच राहिले; होडी लाटांवर वरखाली होत गेली. काकांनी दोन्ही हातांनी पान्यांची पिशवी छातीशी धरली होती. मी वही आदल्या दिवशी दिली असती तर ते ओहोटीला गेले असते, एवढंच माझ्या मनात होतं.

बाराला शेठ माझ्या टेबलाशी येऊन बसले. सत्तावीस फिरवला. शांतता. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा घंटी गेली.

"सत्तावीस बोलतोय," काका धापा टाकत होते. "शेठ, लाद्या किती पाठवू?"

शेठनी आकडा सांगितला, रिसिव्हर माझ्या हातात दिला आणि आत गेले. मुंबईच्या पार्टीचं नाव त्यानंतर निघालं नाही.

"काका, परत कसे येणार?"

"ओहोटीने पाणी उतरल्यावर. अजून तीन तास. इथल्या खिडकीतून सगळं पाणीच दिसतंय गं. तू बोलत राहा काहीतरी."

मी बोलत राहिले. बाकीच्या लाइनी वाजल्या की त्या जोडून द्यायचे आणि पुन्हा सत्तावीसवर यायचे. शाळेबद्दल बोलले, आईबद्दल बोलले, मला पुढे काय करायचंय तेही सांगितलं. ते मी तोवर स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. काका मधूनमधून "हं" म्हणत. तीनच्या सुमाराला ते म्हणाले, "होडी आली बघ." गडबडीत रिसिव्हर जागेवर ठेवायचा राहिला असावा. बर्फाच्या यंत्राची घरघर आणि लांब जाणाऱ्या चपला ऐकू येत होत्या. लाइन मोकळी करायला हवी होती, पण मी थोडा वेळ तशीच ऐकत बसले.