घळीतलं खाचर

परवा नातीनं काठोकाठ भरलेली काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि सकाळी ती तडकलेली. मला म्हणते, "आजी, बर्फ होताना पाणी फुगतं. थंड देशात खडकसुद्धा असेच फुटतात." मी म्हटलं, "आपल्याकडं कुठला गो बर्फ? आपला डोंगर नुसत्या पाण्यानं कुजतो. चल, दाखवते."

घरामागच्या घळीत आमचं भाताचं खाचर आहे, तिथं तिला नेलं. वर काळा खडक आहे ना, त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. भेगेत पाणी मुरतं, खडक पिवळा पडतो, मग बोटानं चुरावा असा मुरूम होतो आणि पावसात खाली वाहून येतो.

लग्न होऊन मी धसईकडच्या या गावात आले, तेव्हा वाटणीत आम्हाला ही घळच आली. भात लावायला सपाट जागा म्हणून नाय. जाऊबाई विचारायच्या, "काय गो, यंदा दगड पेरतेस का?" तेव्हाच मनात धरलं, लावीन तर इथंच भात लावीन.

वाहती माती अडवायला आम्ही दोघा नवराबायकोनं घळीला आडवा दगडी बांध घातला. मालक म्हणाले, "फटी ठेवल्या तर माती जाईल." म्हणून फटी चिखलानं छान लिंपल्या, घराची भिंत लिंपतात तशा. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी मागं तुंबलं आणि बांध सगळी माती घेऊन खाली गेला! मी म्हटलं, "आता तुमी चिखलाला हात लावायचा नाय."

दुसऱ्या खेपेला सुकाच रचला, दगडात दगड बसवून. पाणी फटींतून निघून जायचं, माती मागं बसायची. दर पावसाळ्यात मातीचा थर चढला की आम्ही बांधावर आणखी दगड चढवायचो. आधी नाचणी घेतली. मग एका वर्षी नांगर कुठंही न अडता फिरला आणि मी भात लावलं.

पुढं एकदा ओढ्याला पूर आला, जाऊबाईंची रोपं वाहून गेली. त्या आमच्या बांधावर येऊन उभ्या.

"आहेत का गो चार मुठी जास्तीच्या?"

"दगडाची रोपं चालतील का तुमाला?"

"दे गो बाई, हसू नको," म्हणाल्या, नि स्वतःच हसल्या.

दोन्ही हात भरून दिली. त्या साली त्यांच्या खाचरात माझ्या घळीतलं भात डोललं. मी बाजाराला मुद्दाम त्या खाचराच्या वाटेनं जायचे.