गाडीमा जीव शे

बॅटरीवरचा पांढरा खार घासताना आज यावलचा रस्ता आठवला. ताईच्या हळदीला निघालेलो आम्ही. भर उन्हात, केळीच्या बागांमध्ये गाडी एकदम मेली. दिवा नाही, हॉर्न नाही. घाबरून प्रत्येकाने दिसेल ते बटण दाबून पाहिलं. शेवटी वडिलांनी थर्मासमधला गरम चहा बॅटरीवरच्या अशाच खारावर ओतला आणि तार घट्ट बसवली. दाबलेली बटणं तशीच राहिली होती. दिवे, वायपर, रेडिओ, सगळं एकदम जागं झालं! आईने हात जोडले.

"गाडीमा जीव शे वं माय!"

आम्ही किती हसलो होतो तिला.

आज तार जोडण्याआधी मी मुद्दाम सगळी बटणं चालू केली. वायपर हलले, रेडिओ गाऊ लागला आणि काळे झालेले माझे हात आपोआप जोडले गेले.