करमळाचं सरबत

ती घटना आठवली की आजही आधी जिभेवर आंबटगोड चव येते आणि मग अंगावर काटा. माझ्या नोकरीत मी विषप्रयोगाची प्रकरणं कमी पाहिलेली नाहीत. पण ज्यात संशयित विष तपास अधिकारी स्वतः ग्लासभर पिऊन, "वा, छान झालंय" असं सर्टिफिकेट देऊन आला, असं प्रकरण एकच.

मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्र नुकतंच झालं होतं आणि ऊन असं तापलं होतं, की जांभ्याच्या कातळावरून चालताना बुटाच्या तळव्याला चटका बसावा. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात रत्नागिरीच्या एका खाजगी रुग्णालयातून फोन आला. आमच्या हद्दीतल्या एका वाडीतला रुग्ण आदल्या संध्याकाळी बेशुद्ध अवस्थेत दाखल झाला होता. त्याला झटके येत होते. विषबाधेची शक्यता नाकारता येत नव्हती, म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे पोलिसांना कळवलं होतं. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेत होता, तोच दुसरा फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस दबक्या आवाजात बोलला, "सायब, त्याच्या बायकोवर लक्ष ठेवा. तिनांच घातलां असंल काय ता."

पोलिसांना अशा निनावी फोनचं नवल नसतं. वाडीत कोणाची म्हैस आटली तरी शेजारणीवर संशय घेणारी माणसं असतात. पण या प्रकरणात माहिती काढली, तशी सगळी बोटं खरोखर त्या बाईकडेच वळायला लागली.

रुग्ण चाळिशीतला. मुंबईत नोकरीला होता. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तसा गावी परतला. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी लांज्याहून एसटी पकडून रत्नागिरीला डायलिसिसला जायचा. सोबत बायको असायची. तीच त्याला किडनी देणार होती. तपासण्या जुळल्या होत्या, समितीची परवानगीही आली होती, दिवाळीनंतर शस्त्रक्रिया ठरली होती. आणि आता नवरा बेशुद्ध. वाडीचं म्हणणं सरळ होतं: "किडनी द्यायच्या येळेला बाई घाबरली."

मुंबईहून थोरला भाऊ रातोरात आला होता. तो ठाण्यात माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "साहेब, तिला आताच्या आता आत घ्या. माझ्या भावाला ती पाणी पण पिऊ देत नव्हती. हंड्याला झाकण, झाकणावर दगड! आजूबाजूच्या सगळ्यांना विचारा."

विचारलं. शेजारणीने सांगितलं, "ओरडायची त्याच्यावर. परवाच बोलली, मेलात तरी पाणी द्यायची नाय." घराच्या मांगरात, म्हणजे मागच्या लाकूडफाट्याच्या खोपटात, आंब्याच्या फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली मिळाली. ती कोकणात दर तिसऱ्या घरात मिळते, पण जप्ती पंचनाम्यात लिहिली की भयंकर दिसते. पंचांसमोर सील करून ती प्रयोगशाळेकडे पाठवायची तजवीज केली. अहवाल यायला काही आठवडे लागणार हे मला ठाऊक होतं. रुग्णाकडे तेवढा वेळ नव्हता.

त्याच घरी मी रुग्णाच्या आईचा जबाब घ्यायला बसलो होतो. सत्तरी ओलांडलेली बाई, कमरेत वाकलेली. पोलीस घरात आले तरी पाहुणा तो पाहुणा, अशा पिढीतली. मी नको म्हणत असताना तिने मला आणि हवालदाराला ग्लासभर सरबत आणून दिलं. पिवळसर, थंडगार, किंचित आंबट. त्या उन्हात मी ते एका दमात संपवलं आणि "वा आजी, छान झालंय" म्हटलं. हवालदाराने तर दुसरा ग्लास मागून घेतला. थोरल्या भावाचा रिकामा ग्लास आधीच खिडकीत होता.

"आजी, काल दिवसभर काय काय झालं ते सुरुवातीपासून सांगा," मी म्हणालो.

"काय सांगू बाबा," तिने पदर तोंडाला लावला. "सकाळी सून बाजारात गेली व्हती. पोरगो बरो व्हतो. मंग उचकी लागली त्याला. थांबंना. आमी हसलो. बोललो, कोण आठवण काढतोय रे तुजी येवडी? सगळ्यांची नावां घेतली. भनीचा घेतला, मामाचा घेतला. मुंबयच्या भावाचा नाव घेतला तवा जराशी थांबली. पुना लागली. दुपारपासना वकाया लागला. मंग कायतरीच बोलाया लागला, मला वळखीना. सून आली तवा तो लादीवर पडून थडथडत व्हता."

"त्याला काय दिलं होतं खायला?"

"भात नि पातळ डाळ. सुनेनां काढून ठेवलेला तेवडाच."

"पाणी?"

"देवाशपथ, थेंब नाय दिला."

म्हातारी खोटं बोलत नव्हती. इतकी वर्षं माणसांची तोंडं वाचून एवढं तरी कळतं. उचकीवर भाऊसुद्धा हळवा झाला. "मी खरंच काल त्याची आठवण काढत होतो, साहेब," म्हणाला.

बायकोचा जबाब रुग्णालयातच घ्यायचं ठरवलं. महिला शिपायाला बरोबर घेऊन दुपारी रत्नागिरी गाठली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बाई बसली होती. रडत नव्हती. संशयितांचं हे न रडणं लोकांना फार खुपतं. माझा अनुभव असा, की ज्याच्यापुढे अजून काम पडलेलं आहे, तो माणूस रडत बसत नाही.

"तुम्ही त्याला पाणी देत नव्हता?" मी सरळ विचारलं.

"नव्हते देत," ती म्हणाली. "डाक्टरांनी माप दिलंय. जास्त पाणी गेलं की ते छातीत साठतं, दम लागतो. एकदा असाच श्वास कोंडला होता, अर्ध्या वाटेत. तवापासून मी झाकणावर दगड ठेवते. माणूस पाणी पाणी करतो साहेब, आणि मी त्याच्यासमोर पाणी पीत नाय. चुलीमागं जाऊन पिते. लोकांना माझं ओरडणं ऐकू जातं, ते ऐकू जात नाय."

रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे का, हे विचारायला डॉक्टरांकडे गेलो. डायलिसिस विभागाच्या प्रमुख डॉक्टर बाई होत्या, बोलायला तुटक. चेहऱ्यावर जागरण दिसत होतं.

"जबाब कसला? तो शुद्धीवरच नाही," त्या म्हणाल्या. "फवारणीच्या औषधाची लक्षणं दिसत नाहीत. मेंदूच्या फोटोत काही नाही. पोटॅशियम वाढलंय, पण एवढे झटके त्याने येणार नाहीत. मला कळतच नाहीये याने घेतलंय तरी काय. तुम्हाला घरून काही समजलं?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "भात, डाळ. सकाळपासून उचकी होती म्हणे. बिचारे दिवसभर नावं घेत बसले, कोण आठवण काढतंय म्हणून."

डॉक्टर एकदम थांबल्या. "उचकी? किती वेळ?"

"सकाळपासून. थांबतच नव्हती."

"आणि हे मला आत्ता कळतंय? इन्स्पेक्टर, त्यांच्या घराजवळ करमळाचं झाड आहे का? ते आंबट, पाच धारांचं, कापलं की चांदणी दिसते ते फळ?"

मला ते अंगण आठवलं. खळ्याच्या कडेला, दगडी गडग्याला लागून झाड होतं आणि खाली पिवळ्या फळांचा सडा. मग तो थंडगार ग्लास आठवला.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मी त्याचं सरबत पिऊन आलोय."

"तुम्हाला काही होणार नाही. तुमच्या किडन्या शाबूत आहेत," त्या चालता चालताच म्हणाल्या. "करमळात एक द्रव्य असतं. आपल्या किडन्या ते सहज बाहेर टाकतात. किडनी निकामी झालेल्याच्या अंगात ते साचतं आणि थेट मेंदूवर जातं. पहिलं लक्षण उचकी." मग नर्सला हाक मारून म्हणाल्या, "मशीन लावा. आत्ता. आणि आज उद्या सोडायचं नाही त्याला मशीनवरून."

मी त्या बाकावर जाऊन बसलो. वीसेक वर्षांच्या नोकरीत मी खुनी पाहिले, चितेवरून उतरवलेली प्रेतं पाहिली, पण तेव्हासारखा हादरलो नव्हतो. एका घरात, एकाच भांड्यातून, चार माणसांनी तेच प्यायलं. तीन जण तोंड पुसून कामाला लागले आणि चौथा मरणाच्या दारात पडला. यात गुन्हेगार कोण?

बायकोला मी सगळं सांगितलं. ती बोटांवर काही तरी मोजत राहिली. मग म्हणाली, "बंदीच्या फळांत करमळाचं नाव मी कोणाकडून ऐकलं नव्हतं. केळं, आंबा, शहाळं, सगळं बंद केलं मी. करमळ आमच्याकडे फळ म्हणून कोण मोजतो? ते माशाच्या कढीत टाकायचं, नायतर पोरांनी मिठाला लावून खायचं." आणि मग एकदम माझ्याकडे वळून, "साहेब, आईंना हे कळता कामा नये."

"अहो बाई, आळ तुमच्यावर आहे! भावाने लेखी तक्रार दिलीय."

"माझ्यावरचा आळ ह्यांनी डोळे उघडले की जाईल. त्यांच्यावरचा कसा जाणार? त्या जगतील काय?"

मी पोलीस आहे, साधू नव्हे. मला राग आला. एवढं मन मोठं करायला या बाईला कोणी सांगितलं होतं? पण रागाच्या खाली दुसरं काही तरी होतं.

तपास मात्र थांबत नसतो. फळं आणि सरबताचं भांडं जप्त करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना घेऊन मी पुन्हा त्या खळ्यात उभा राहिलो. अर्धी वाडी जमली होती. भाऊ पुढे होता. "काय साहेब, तिला आणली नाही?" त्याने विचारलं. मी म्हणालो, तपास चालू आहे. हवालदार झाडाखालची फळं पिशवीत भरत होता, दुसरा स्वयंपाकघरातून सरबताची कळशी घेऊन आला आणि तिच्या तोंडाला कापड बांधून लाखेचं सील करायला लागला.

म्हातारी पडवीच्या खांबाला टेकून हे बघत होती.

"ता कशाला नेतास?" तिने विचारलं.

माझी नजर खाली गेली असावी. बायकांना नजरेतलं वाचायला जबाब लागत नाही.

ती खांब सोडून खळ्याच्या मधोमध आली. वाकलेली बाई त्या दिवशी जमेल तेवढी ताठ उभी राहिली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी दिलां. सून बाजारात गेली की मी द्यायची. पोरगो तानेनां तळमळायचा, माज्यानां बगवत नव्हता. पाणी देऊ नको बोलली व्हती, मी पाणी नाय दिला. फळाचा रस दिला. त्या दिवशी उचकी लागली तवा थांबावी म्हणून आणि एक पेलो दिला, साकर घालून." मग माझ्याकडे वळली. "सायब, माज्या सुनेनां कायएक केलां नाय. जा काय केलां ता माज्या हातानां झालां. लिवून घ्या."

भावाने डोक्याला हात लावला आणि तो जोत्यावर बसला. आदल्या दिवशी त्यानेही ते सरबत प्यायलं होतं. आणि काल मला निनावी फोन करणारा माणूस त्या गर्दीत होता, हे मी त्याच्या पायांकडे पाहून ओळखलं. एकट्याचेच पाय मागे सरकत होते.

तिकडे मशीनने आपलं काम केलं. झटके थांबले, काही दिवसांनी त्याने डोळे उघडले, बायकोला ओळखलं. मी गुन्हा घडलेला नसल्याचा अहवाल पाठवला. भावाने तक्रार मागे घेतली आणि तो भावजयीपुढे उभा राहिला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. पण झाली. तिची किडनी त्याला लागली.

पुढच्या वर्षी राजापूरला एका कामासाठी जाताना मी त्या वाडीत वळलो. गणपतीचे दिवस होते. माटवीला, म्हणजे मूर्तीवर बांधतात त्या फळांच्या चौकटीला, काकडी, कवंडाळं, नारळ सगळं होतं, फक्त पपनसासारखं ते मोठं तोरंजन नव्हतं. "हे पण डॉक्टरांनी बंद केलंय," बाई हसून म्हणाली. "नव्या किडनीच्या गोळ्यांबरोबर चालत नाय. आई बोलल्या, देवाला पण नको. घरात आलां की कोणाच्या तरी हातानां त्याच्या पोटात जाईल." करमळाच्या जागी बुंधा उरला होता.

मग तिने हंड्यातून पितळी तांब्या भरला. आता त्याने भरपूर पाणी प्यायचं होतं, तोच डॉक्टरांचा हुकूम. तिने तो तांब्या नवऱ्याला दिला नाही, सासूच्या हातात दिला. "आई, तुमी द्या."

म्हातारीने तांब्या दोन्ही हातांनी धरून मुलापुढे केला. त्या दिवसापासून तिने मुलाला आपल्या हाताने काही दिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्याने तांब्या घेतला आणि तहानलेल्या पोरासारखा घटाघटा प्यायला. आणि त्याला उचकी लागली.

घर जागच्या जागी थिजलं. माझ्यासुद्धा हातातला चहा तसाच राहिला. कोणीही कोणाचं नाव घेतलं नाही. दुसरी उचकी आली. मग तिसरी आलीच नाही. पहिला श्वास सुनेने सोडला आणि ती म्हणाली, "घाईनां प्यायलात की असंच होतं."

पोलीस खात्याने मला शिकवलं, की विष शोधायचं असेल तर वैरी शोधा. या प्रकरणाने शिकवलं, की आधी माया कोणाची होती तेही विचारा. निवृत्त झालो तरी सवय गेलेली नाही. आमच्या घरी कोणाला उचकी लागली की बायको अजूनही म्हणते, "कोण आठवण काढतंय बघा." मी मात्र आधी विचारतो, काय खाल्लं.