गॅरेजमधला लाल रंग

माझ्या धाकट्या जावेने सगळी नोकरी कारखान्यात चहाच्या कपांना कान चिकटवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांचं रडगाणं गातात. हिने माझ्या दिरांची गाडी गॅरेजबाहेर काढली आणि तिथे गॅसची भट्टी बांधली. नवराबायकोने अबोला धरला. मला, खरं सांगते, मजाच वाटली.

तिला वेड एकच, तांब्यापासून लाल रंग काढायचा. भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात चिमूटभर तांबं घालून भट्टीत हवा खेळती ठेवली, तर रंग हिरवा येतो. हवा तोडली की त्याच तांब्याचा लाल होतो. शेकडो वर्षांपूर्वी चीनमधले कुंभार लाकडाच्या धुरात हे साधत, आणि त्यांचीही कितीतरी भांडी फुकट जात. तसला एक वाडगा हिने संग्रहालयात पाहिला आणि पहारेकऱ्याने हटकेपर्यंत काचेला नाक लावून उभी राहिली. माझा पदवीचा विषय रसायनशास्त्र, म्हणून हे सगळं मला ऐकवते. बाकीच्यांना नुसतं "लाल करायचंय" म्हणून वाटेला लावते.

पण हिच्या भट्टीतून निघे तो कलेजीसारखा मळकट रंग. शेवटी दिरांनी बजावलं, आता ही शेवटची. फसली तर भट्टी पाडायची. ती हो म्हणाली. शब्दाची पक्की आहे, म्हणून मलाच धडकी भरली.

त्या दिवशी मी सकाळीच जाऊन बसले. लेप वितळण्याआधी तिने चिमणीची झडप जवळजवळ बंद केली. बघायच्या भोकातून ज्वाळेची जीभ लपलपू लागली, काजळीचा वास सुटला. मला गप्प बसायला सांगून ती स्वतः अखंड बडबडत होती. दुपारी आतले तापमान दाखवणारे मातीचे शंकू वाकायला लागले आणि ती पाणी प्यायला घरात गेली. तेवढ्यात दीर आले. ज्वाळा पाहून त्यांना वाटलं चिमणी तुंबली. त्यांनी झडप सताड उघडली. तिनेच सांगितलं असेल म्हणून मीही बघत बसले.

ती परत आली, उघडी झडप पाहिली. शंकू पार लवले होते. गॅस बंद करून माझ्याकडे वळली.

"वहिनी, तुम्ही काय राखण करत होतात?"

आणि नवऱ्याला ओलांडून घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भट्टी गार झाली तरी ती दार उघडेना. मला कुठला दम निघतोय. दाराला रचलेल्या विटांतली पहिली मीच काढली. आत टॉर्च मारला. पहिल्या वाडग्याची कड पांढरी, आणि तिच्याखाली डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, आरपार, खोल. दुसरा तसाच. तिसरा त्याहून सरस. जाऊ जमिनीवर फतकल मारून हसत सुटली. आजवर ती शेवटपर्यंत हवा कोंडून ठेवत होती, म्हणून रंग गढूळ होत होता. शेवटच्या त्या हवेने लेप उजळला होता.

दीर दारात उभे. "म्हणजे मी बिघडवलं नाही?"

तिने वाडगा त्यांच्या हातात दिला. ते अंगणात गेले, उन्हात धरून तो सगळीकडून फिरवून पाहिला आणि लगबगीने परत आले.

"आणखी थोडा वेळ उघडी ठेवली असती तर?"

"करून बघू," ती म्हणाली. "माती आणा."