हाकोदातेचा चौथा रस्ता

सुलक्षणाताई इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका शाळेत बावीस वर्षं मुलांना जेवण वाढत होत्या. घरीही त्या सहसा उभ्याच असायच्या. त्यांच्याकडे भाड्याने राहायला आलो, तेव्हा मला वाटलं, खुर्च्या पाहुण्यांसाठीच असाव्यात.

२००६च्या फेब्रुवारीत त्यांच्या भावाला, अंशुमनला, मुलगी झाली. तो जपानमधल्या हाकोदाते या बंदराच्या शहरात राहतो. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे रविवारी. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं, आणि आत्या एकच.

मी कोड लिहिणारा माणूस. टोकियोहून पुढे जायचे मार्ग काढून तक्ता केला.

"ताई, विमानाने दीड तास."

"बर्फात अडकलं तर?"

"मग ट्रेन. हाचिनोहेला बदलायची, पुढे समुद्राखालच्या बोगद्यातून."

"समुद्राखालून? अपूर्व, मला मारायला निघालास का?"

"मग आओमोरीहून बोट. चार तास."

"माझं पोट तुला माहीत नाही."

बोलता बोलता त्या बॅग तिसऱ्यांदा भरत होत्या. तिकीट मंगळवारचं निघालं. आदल्या रविवारी एजंटला नंबर हवा म्हणून मी पासपोर्ट मागितला. त्यांनी निळा, भारतीय पासपोर्ट हातात ठेवला.

"अहो, तीस वर्षं इथे आणि हा?"

"बाबा म्हणाले होते, बदलू नकोस. का, चालत नाही?"

"व्हिसा लागेल!"

"मग तू विचारलं का नाहीस?"

बोट लागते का, हे मी दोनदा विचारलं होतं. पासपोर्ट मात्र इथल्या सगळ्यांसारखा लाल, ब्रिटिशच असणार, असं धरून चाललो होतो.

सोमवारी सकाळी वकिलातीत अर्ज दिला. तिथल्या बाई म्हणाल्या, शुक्रवारी या. अंशुमनचा फोन आला, "ताई, तेराव्या दिवशी करू या."

"तेराव्या? जीभ आवर! बारसं आहे ते!"

आठवडाभर जिन्यावर त्यांची पावलं वाजत राहिली. शुक्रवारी व्हिसा मिळाला आणि त्या संध्याकाळच्याच विमानात बसल्या. ते टोकियोला शनिवारी दुपारी उशिरा उतरणार होतं. मी तक्ता पाहिला. तोवर पुढचं शेवटचं विमान, ट्रेन, बोट, काहीच गाठता येणार नव्हतं. हे त्यांना सांगायचं माझं धाडस झालं नाही.

शनिवारी रात्री मी जेवत असताना फोन वाजला. तिकडे रविवारची सकाळ.

"पोचले."

"कशा?"

"उएनोहून झोपायची गाडी असते. विमानतळावरच्या मुलीने चिठ्ठी लिहून दिली. तुझ्या तक्त्यात नव्हती ती."

"बोगदा लागला?"

"लागला. सगळे झोपले होते, मी दाराशी उभी."

"आणि नाव? नाव काय ठेवणार?"

"आधी तिच्या कानात. ठेव फोन, टॅक्सी आली."